देचम्मा अक्का पिस्तूल शिकते

माझी थोरली जाऊ देचम्मा. मी तिला अक्का म्हणते, आणि खरं तर म्हैसूरपलीकडच्या आमच्या डोंगराळ भागात निम्मं गाव तिला अक्काच म्हणतं. चार एकर कॉफी, सावलीच्या झाडांवर चढवलेली मिरी, दोन गायी आणि नवरा पूनच्चा, म्हणजे माझे भावजी, एवढा तिचा संसार. एक मुलगी, ती लग्न होऊन हैदराबादला. अक्काबद्दल लोक सांगतात ते वेगळंच. कैलपोदच्या सणाला बंदुकांची पूजा झाली की नारळ उडवायची चढाओढ असते. त्यात बायकांमधला पहिला नंबर चौदा वर्षं तिचा. पन्नास पावलांवर फांदीला बांधलेला नारळ आणि सासऱ्यांची जुनी रायफल. तिसऱ्या गोळीची वेळ तिच्यावर कधी आली नाही.

मग एका वर्षी फेब्रुवारीत मिरी काढणारा माणूस आला नाही. अक्का छप्पन्न वर्षांची, पण थांबायची सवय नाही. स्वतःच बांबूच्या शिडीवर चढली आणि शिडीसकट खाली आली. डावा खांदा तीन ठिकाणी मोडला. म्हैसूरला नेऊन पट्टी-खिळे बसवून आणलं. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना.

सप्टेंबरात कैलपोद आला. रायफल पुसली, फुलं वाहिली, डुकराच्या मांसाचा रस्सा आणि तांदळाचे वाफवलेले गोळे, कडंबुट्टू, खाऊन सगळे मैदानावर जमले. अक्काचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, दस्ता उजव्या खांद्यात बसवला, गाल टेकवला. डावा हात नळीखाली गेला, पण नळी वर येईना. पुन्हा उचलली. पुन्हा खाली. कुणीतरी म्हणालं, "अक्काला खुर्ची द्या, नळी खुर्चीच्या पाठीवर टेकवून मारू दे." अक्कानं रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पूवी, चल घरी. गायींची वेळ झाली." गायींची वेळ व्हायला दोन तास होते.

आठवड्यानं माचय्या अण्णा घरी आले. सैन्यातून सुबेदार म्हणून निवृत्त झालेले, सदुसष्ट वर्षांचे. गोणीकोप्पच्या पुढे एका टेकडीच्या पोटात नेमबाजीचा छोटा क्लब आहे, तिथं ते शिकवतात. कॉफीचा पेला हातात घेऊन ते म्हणाले, "देचम्मा, रायफलला दोन हात लागतात. पिस्तुलाला एक पुरतो. दुसरा खिशात घालायचा असतो, नियमच आहे तसा."

"ते पोलिसांच्या कमरेला लटकतं ते?" अक्कानं विचारलं. "त्यानं नारळ तरी हलेल का?"

"तू ये तर खरी. क्लबचं पिस्तूल आहे, गोळी तुझ्या रायफलचीच. तीस वर्षं नेम धरतेस, तुला काय शिकवायचं त्यात?"

हे वाक्य त्यांना पुढं बरंच महागात पडलं.

अक्काला एका हातानं जीप चालवता येत नव्हती, म्हणून दर बुधवारी मी तिला न्यायला लागले. त्यामुळे जे झालं ते सगळं मी बाकावर बसून पाहिलं.

पहिल्याच दिवशी ती भावजींची जुनी पँट घालून निघाली. साडीला खिसा कुठून आणणार? भावजी पायरीवरून म्हणाले, "देचू, पँट गेली ती गेली, आता मिशी तेवढी मला ठेव." अक्कानं पट्टा आणखी एक भोक आत ओढला.

रेषेवर ती आपोआप उभी राहिली, डावी कूस निशाणाकडे करून, जशी रायफल घेऊन राहायची. माचय्या अण्णा म्हणाले, "उलटी वळ."

"म्हणजे?"

"उजवी कूस पुढं. उजवा पाय पुढं."

ती वळली. मला बाकावरून दिसलं, तिला आपले पाय आपले वाटेनात. पिस्तूल उचललं आणि मान आपोआप उजवीकडे कलली. गाल टेकवायला काहीतरी शोधत होती बिचारी, आणि तिथं नुसती हवा. दहा गोळ्या झाल्या. पंचवीस मीटरवरच्या कागदावर तीन भोकं, तीही खाली डाव्या कोपऱ्यात. बाकीच्या सात मागच्या लाल मातीत गेल्या.

"अण्णा, ह्याची नळी वाकडी आहे," अक्का म्हणाली.

अण्णांनी पिस्तूल घेतलं, डावा हात खिशात घातला आणि पाच गोळ्या मारल्या. पाचही काळ्या वर्तुळात. पिस्तूल परत टेबलावर ठेवलं. अक्का कागदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, जणू मी काही सांगू शकणार होते.

त्याच दिवशी लिसीही आली होती. सरकारी दवाखान्यातली नर्स, केरळातली, पस्तिशीची. जन्मात बंदुकीला हात न लावलेली. दवाखान्यात कुणीतरी सांगितलं की नेमबाजीनं मन शांत होतं, म्हणून आली. अक्काच्या शेजारच्या निशाणावर तिनं डोळे मोठे करून, ओठ चावून दहा गोळ्या मारल्या. दहाही कागदावर. शंभरातले बासष्ट गुण.

"चेची, चांगलं आहे का हे?" तिनं अक्काला विचारलं. चेची म्हणजे तिच्या मल्याळीत ताई.

"चांगलं आहे," अक्का म्हणाली. परतताना जीपमध्ये ती फक्त एकदा बोलली. "पूवी, तिनं डोळे मिटले होते की काय?"

पुढचे दोन महिने अक्का जेवढं शिकली तेवढी बिघडत गेली. रायफल हलू द्यायची नाही, हे तिच्या हाडात होतं. श्वास सोडायचा, थांबायचं, नळी दगडासारखी झाली की चाप दाबायचा. पिस्तूल मात्र कधी दगडासारखं होईना. टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा तो खुंटा, काळ्यावरून नुसती भटकायची. मग अक्का वाट बघत राहायची, आणि माशी मधोमध आली रे आली की चाप झटक्यात ओढायची. गोळी खाली डावीकडे.

"हलू दे," अण्णा म्हणायचे.

"हलतंय तोवर मारू कशी?"

"हलता हलताच मारायचं. हळूहळू चाप ओढत राहा. सुटेल तेव्हा सुटेल."

"कधी सुटेल ते मला कळायला नको?"

"नको."

"मग मारतं कोण, मी की पिस्तूल?"

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. हे असं त्यांना सैन्यात कुणी विचारलं नसावं.

त्याहून मोठा गोंधळ नजरेचा. अण्णा म्हणाले, नजर माशीवर ठेव, काळं धूसर दिसलं तरी चालेल, दिसायलाच हवं. अक्का संध्याकाळी गोठ्यात मला म्हणाली, "जे मारायचं तेच धूसर करायचं! चौदा वर्षं मी नारळाच्या शेंड्या मोजून मारत होते." त्यात तिच्या चष्म्याचे दोन मजले. वरच्या भिंगातून कॉफीचं झाड दिसे, खालच्यातून पेपर. हात लांब केल्यावर माशी जिथं येते, तिथलं दोन्हीतून दिसत नसे.

म्हणून आम्ही विराजपेटला चष्मेवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "जवळचं करू की लांबचं?"

"हाताइतकं," अक्का म्हणाली आणि हात ताठ पुढं केला. तो दचकून मागं सरला.

"हाताइतकं कशासाठी, अम्मा?"

"पिस्तुलासाठी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. त्यानं निमूटपणे अंतर मोजलं. आठ दिवसांनी चष्मा आला. त्यातून माशी अशी लख्ख दिसायला लागली की तिच्यावरचा ओरखडाही कळे. पण निशाण पार विरघळून गेलं. शिवाय घरी ती चष्म्यांची अदलाबदल करायची. एकदा तोच चष्मा घालून तिनं मिठाऐवजी साखर टाकून माशाची आमटी केली. भावजींनी एक घास घेतला आणि ताट मागं सारलं. "पिस्तूल शिकायचंय तर शीक," ते म्हणाले, "पण आमच्यावर नेम धरू नकोस."

सकाळी ती पडवीत उभी राहून पाण्यानं भरलेली बाटली हात ताठ करून धरायची, हाताला सवय व्हावी म्हणून. रस्त्यानं जाणारी शेजारची कावेरम्मा ओरडायची, "अक्का, कुणाला पाणी देताय?" हात थरथरायचा. अक्काचं सगळं लक्ष त्या थरथरीकडे. ती थांबावी म्हणून ती जेवढा जोर लावी, तेवढी बाटली नाचे.

नोव्हेंबरच्या एका बुधवारी अण्णांनी तिचा कागद उलटा लावला. कोरी पांढरी बाजू पुढं. वर्तुळ नाही, काळं नाही, काही नाही.

"मार," ते म्हणाले.

"कशावर?"

"कागदावर. माशी बघ आणि चाप ओढ."

अक्कानं दहा गोळ्या मारल्या. अण्णा कागद घेऊन आले. मीही उठून बघायला गेले. दहातली नऊ भोकं एका बशीत मावतील एवढ्या जागेत होती. लिसीनं टाळ्या वाजवल्या. अक्काचा चेहरा मात्र खुलला नाही, उलट जास्तच बावरला.

"मी कशावर नेम धरला होता?"

"कशावरच नाही."

"मग एका जागी लागल्या कशा?"

"देचम्मा," अण्णा म्हणाले, "ते मला विचारू नकोस. लागल्या ना?"

त्यांनी कागद सरळ केला, काळं वर्तुळ पुढं आलं, आणि पुढच्या दहा पुन्हा चहूकडे पांगल्या. अक्कानं पिस्तूल खाली ठेवलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ती किती तरी वेळ उभी होती.

त्या रविवारी मी त्यांच्या अंगणात कॉफी वाळत घालत होते. अक्का आतून सासऱ्यांची रायफल घेऊन आली. तांदळाचं पोतं कुंपणाच्या कठड्यावर ठेवलं, त्यावर नळी टेकवली, म्हणजे डाव्या हाताचं काम नको. खालच्या बांधावर एक नारळ ठेवला होता. तीस पावलंही नसतील. गोळी सुटली. नारळ जागचा हलला नाही. दुसरी. तिसरी. चौथी मी मोजली नाही.

ती येऊन माझ्याजवळ चटईच्या कडेला बसली. "माशी दिसते गं," ती म्हणाली, "पण नारळ दिसेना. नजर आता माशीवरच जाऊन बसते. मागं नेते, तरी परत येते."

भावजी खिडकीत होते. त्यांच्या जिभेवर काहीतरी आलं असणार, पण तिचा चेहरा बघून ते गिळून आत गेले. थोड्या वेळानं कॉफी घेऊन आले. त्यांच्या चौतीस वर्षांच्या संसारात मी भावजींना कॉफी करताना पाहिलं ते तेव्हाच.

तीन बुधवार अक्का गेली नाही. पँट धुऊन घडी करून कपाटात ठेवली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. ती कशासाठी एवढा जीव काढते, मलाच कळत नव्हतं. तिच्या वयाच्या बायका गुडघ्यांना तेल लावतात.

चौथ्या बुधवारी सकाळी लिसीच दारात उभी. बसनं आली होती, हातात केळीच्या पानात बांधलेला वाफवलेला टॅपिओकाचा कंद आणि मिरचीची चटणी. अक्कानं तिला पडवीत बसवलं.

"चेची, तुम्ही या ना," लिसी म्हणाली. "माझं सगळं बिघडलंय. पंच्याहत्तरवर गेले होते, आता पन्नासही होत नाहीत."

"तुझं कसं काय बिघडलं?"

"अण्णांनी मला शिकवायला सुरुवात केली."

अक्का आधी तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसली. शिडीवरून पडल्यापासून तिचं तसं हसू मी ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, खांदा दुखला तरी थांबेना. लिसी बिचारी रडवेली झालेली, तिला कळेना हसायचं की रागवायचं. "मी काही करत नव्हते तेव्हा लागत होतं," ती म्हणाली, "आता श्वास कुठं, बोट कुठं, पाय कुठं, एवढं सगळं सांभाळत बसते तर कागदच सापडत नाही."

"चल," अक्का म्हणाली. "पूवी, जीप काढ. पँट कुठं ठेवलीय मी?"

त्यानंतर दोघी शेजारी शेजारीच उभ्या राहायच्या. एकमेकींना काही शिकवत नव्हत्या, कारण दोघींनाही काही कळत नव्हतं. गोळ्यांच्या मधे त्या हवा, दवाखाना, अक्काची व्यालेली गाय असलं काहीबाही बोलत. बोलता बोलता अक्का हात वर न्यायची आणि मारायची. कधी ऐंशी व्हायचे, कधी साठ. ऐंशी का झाले ते सांगता यायचं नाही, साठ का झाले तेही नाही.

फेब्रुवारीत क्लबच्या वार्षिक स्पर्धेत बारा जणांनी नावं दिली. दहा-दहाच्या तीन फेऱ्या. अक्काला चौथं निशाण, लिसीला पाचवं. भावजीही आले होते, टोपी घालून, अगदी मागच्या बाकावर.

पहिल्या फेरीत अक्काला एक्क्याऐंशी. दुसऱ्या फेरीत तिचा हात पाच वेळा वर गेला आणि न मारताच खाली आला. फेरीला वेळ ठरलेली असते, आणि घड्याळ पुढं सरकत होतं. शेवटची मिनिटं उरली तेव्हा तिनं भराभर संपवल्या. कागद आले आणि परीक्षक चक्रावला. अक्काच्या कागदावर अकरा भोकं, लिसीच्या कागदावर नऊ. लिसीची एक गोळी चुकून शेजारच्या निशाणावर गेली होती.

परीक्षक म्हणजे मडिकेरीहून आलेला एक हडकुळा, शिस्तीचा माणूस. तो म्हणाला, "सगळ्यांत कमी गुणांचं भोक वगळायचं. ते सहाचं, खाली डावीकडचं. बाकी दहा देचम्मांची. चौऱ्याऐंशी."

अक्का कागदाजवळ गेली. हाताइतका चष्मा उतरवून दुसरा लावला. खाली डावीकडच्या भोकावर बोट ठेवलं. "हे माझं आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

"माझ्या जुन्या गोळ्या सगळ्या इथंच गेल्यात. मी ओळखते ह्याला."

"नाही चेची," लिसी मधे पडली, "ते माझं. त्या गोळीला मी दचकले होते. मला आठवतंय."

"तू दचकलीस तर दुसरीकडे गेली असेल. मधोमध ते दहाचं आहे ना, ते तुझं."

"दहाचं माझं? माझं दहा आजवर कधी आलंय?"

"माझं तरी कुठं आलंय!"

मागच्या बाकावरून भावजी मोठ्यानं म्हणाले, "अहो, बायका दहासाठी भांडताना ऐकल्या होत्या. ह्या सहासाठी भांडतायत."

सगळे हसले, परीक्षक सोडून. त्यानं माचय्या अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी अक्काला विचारलं, "गोळी सुटली तेव्हा माशी कुठं होती? पिस्तूलवाल्याला बघण्याआधीच सांगता यायला हवं, कुठं गेली ते."

अक्का विचारात पडली. ओठ हलले. मग म्हणाली, "नाही सांगता येत, अण्णा. रायफलला बोट उचलायच्या आत मला कळायचं. इथं मला काहीच कळत नाही. चांगली गेली तर मी नव्हतेच तिथं, असं वाटतं. वाईट गेली तर मीच असणार."

परीक्षकानं नियमाप्रमाणे सहा वगळला. तिसऱ्या फेरीत तिला एकोणऐंशी. एकूण दोनशे चव्वेचाळीस, आणि तिसरा नंबर. दहाऐवजी सहा धरला असता तर ती पाचवी आली असती. स्टीलचं एक छोटं तबक मिळालं. ती ते घेईना. शेवटी अण्णांनी माझ्या हातात दिलं.

परतताना लिसीला बसथांब्यावर सोडलं. भावजी मागच्या सीटवर घोरायला लागले. अक्का पुढं बसून रस्त्याकडे बघत होती.

"पूवी, खरं सांग. तू बाकावरून बघत होतीस. ते दहा कुणाचं?"

"मला काय कळतं, अक्का? मला दोघींचे हात वर गेलेले दिसले, एवढंच."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी."

तिनं मान डोलवली.

मला वाटलं होतं ती आता थांबेल. पण पुढच्याच बुधवारी ती एक वही घेऊन निघाली. गोळी सुटली की क्लबच्या दुर्बिणीतून बघायच्या आधी म्हणायचं, कुठं गेली असेल, आणि मग बघून दोन्ही लिहायचं. लिसीनं दवाखान्यातल्यासारखे रकाने आखून दिले. पहिल्या महिन्यात वही वाचून मला हसू आवरेना. "आठ, वर" असं म्हटलं तिथं सहा, खाली. "वाया गेली" म्हटलं तिथं नऊ. विसात एखादं जुळलं तर जुळायचं.

आता वहीचं तिसरं वर्ष चालू आहे. विसातली नऊ-दहा जुळतात. गेल्या बुधवारी तिनं मारली, हात खाली आणला आणि डोळे मिटूनच म्हणाली, "दहा." मी दुर्बिणीला डोळा लावला. सात होतं, उजवीकडे. मी सांगितलं.

"उजवीकडे?" अक्का म्हणाली. "उजवीकडे तर माझी कधीच जात नाही." ती नव्यानं बावरून पिस्तुलाकडे बघायला लागली आणि पुढची गोळी भरली.